रांगा, खाटा आणि रुग्णवाहिका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात आम्ही ऑपरेशन्स रिसर्च आणि सिम्युलेशन या विषयांची ओळख करून दिली होती. उपलब्ध डॉक्टर, खाटा, वाहने आणि वेळ यांचा जास्तीत जास्त उपयोग कसा करावा याचा गणिताने विचार करणे म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, आणि एखादा बदल प्रत्यक्षात आणण्यापूर्वी कागदावर किंवा संगणकावर त्या व्यवस्थेची हुबेहूब नक्कल चालवून पाहणे म्हणजे सिम्युलेशन, असे त्या लेखाचे थोडक्यात सांगणे होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला सरकारी रुग्णालयात जातो. सकाळी आठला केसपेपर काढतो, आणि डॉक्टरांपुढे बसायला अकरा वाजतात. डॉक्टर मात्र मला चार-पाच मिनिटांत तपासतात आणि तेही क्षणभर रिकामे बसलेले दिसत नाहीत. मग तीन तास जातात कुठे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पत्रात नोंदवलेल्या दोन गोष्टी, म्हणजे रुग्णांचा लांब खोळंबा आणि डॉक्टरांना उसंत नसणे, या एकमेकींना धरूनच येतात. डॉक्टर क्षणभरही रिकामे नसतात, याच कारणाने आपल्याला थांबावे लागते. हे जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण रुग्णालयांतील गर्दीविषयीच्या बहुतेक चर्चा नेमक्या येथेच चुकतात.

प्रथम सोपा भाग पाहू. साठ रुग्ण आठच्या ठोक्याला आले, दोन डॉक्टर आहेत आणि प्रत्येक रुग्णाला पाच मिनिटे लागतात असे धरले, तर तासाला चोवीस रुग्ण होतात आणि शेवटच्या रुग्णाची पाळी येईपर्यंत जवळजवळ अडीच तास जातात. या अडीच तासांत कोणाचाही आळस नाही. सगळे एकाच वेळी आले, एवढेच कारण आहे. डॉक्टर अर्धा तास उशिरा आले, तर तो अर्धा तास साठही जणांच्या वाट्याला येतो. म्हणजे तीस रुग्ण-तासांचे नुकसान होते, आणि ते कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

आता अवघड भाग. समजा, रुग्ण दिवसभर विखरून आले, तरी ते घड्याळ लावून येत नाहीत; कधी पाच मिनिटांत चार जण येतात, कधी वीस मिनिटांत कोणीच नाही. तपासणीचा वेळही सारखा नसतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या कॉलसंबंधी अशाच अनियमिततेचा अभ्यास केला आणि रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्या गणिताचे सर्वांत साधे रूप एका डॉक्टरला लावून पाहू. रुग्ण केव्हाही येतात, तपासणीला सरासरी पाच मिनिटे लागतात, पण प्रत्यक्षात तो वेळ बराच कमी-जास्त होतो. अशा वेळी डॉक्टरांचा निम्मा वेळ कामात जात असेल तर रांगेतील सरासरी थांबणे पाच मिनिटांचे असते. ८० टक्के वेळ कामात गेला तर ते वीस मिनिटांवर जाते, ९० टक्क्यांना पंचेचाळीस मिनिटांवर, आणि ९५ टक्क्यांना पंचाण्णव मिनिटांवर. शेवटच्या टप्प्यात काम केवळ पाच टक्क्यांनी वाढले आणि थांबणे दुपटीहून अधिक झाले, हे मुद्दाम पाहावे. गेलेला रिकामा क्षण पुढे वापरता येत नाही, आणि साचलेली रांग ओसरायला जे थोडे रिकामे क्षण लागतात ते उरलेलेच नसतात, म्हणून असे होते.

यावरून दोन मार्ग निघतात. एक म्हणजे डॉक्टर वाढवणे. ते आवश्यक आहेच आणि त्याची मागणी नागरिकांनी सोडू नये. दुसरा म्हणजे अनियमितता कमी करणे. येण्याच्या वेळांतील आणि तपासणीच्या वेळांतील चढ-उतार निम्म्यावर आणले, तर तेवढ्याच डॉक्टरांकडे थांबण्याचा वेळही साधारण निम्मा होतो, असे जॉन किंगमन यांनी १९६१ साली मांडलेले सूत्र सांगते. आपल्यासारख्या, महिन्याच्या ठरलेल्या गोळ्या नेणाऱ्या रुग्णांची रांग वेगळी करणे आणि त्यांना नऊ ते दहा, दहा ते अकरा अशा वेळा नेमून देणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र वेळ नेमताना एसटीचे वेळापत्रकही पाहावे लागेल. ज्या गावातून सकाळी सातलाच एक गाडी सुटते, त्या गावच्या रुग्णाला अकराची वेळ देऊन काहीच साधत नाही.

आपण स्वतःही एक मोजणी करू शकता. रांग फारशी वाढत किंवा घटत नसेल अशा वेळी दालनात थांबलेली माणसे मोजावीत आणि तासाला किती जण तपासून बाहेर पडतात ते पाहावे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की सरासरी किती तास थांबावे लागेल ते निघते. एकशेवीस माणसे थांबली असतील आणि तासाला साठ बाहेर पडत असतील, तर उत्तर दोन तास. जॉन लिटल यांनी हे नाते १९६१ साली काटेकोरपणे सिद्ध केले, आणि ते दवाखान्यापासून टोलनाक्यापर्यंत सगळीकडे लागू पडते.

प्रश्न : माझा बार्शीत छोटा दवाखाना आहे. दहा-दहा मिनिटांनी अपॉइंटमेंट देतो, तरी कधी मी रिकामा बसतो आणि कधी बाहेर खुर्च्या पुरत नाहीत. सरासरी वेळ खरोखर दहा मिनिटेच आहे, हे मी मोजून पाहिले आहे. चूक कुठे होते? — एक डॉक्टर वाचक

उत्तर : आपली मोजणी बरोबर आहे; केवळ सरासरीवर वेळापत्रक बांधल्यामुळे हे घडते. एक फासा घेऊन आपण याचे सिम्युलेशन टेबलावरच करू शकता. एक किंवा दोन पडले तर तपासणी पाच मिनिटे, तीन किंवा चार पडले तर दहा, पाच किंवा सहा पडले तर पंधरा, असे धरा. सरासरी दहाच राहते.

समजा, सहा रुग्णांचे वेळ अनुक्रमे १५, १०, ५, १५, १०, ५ असे आले. दहा-दहा मिनिटांनी रुग्ण बोलावत गेल्यास आपण एकही मिनिट रिकामे बसत नाही, काम बरोबर साठाव्या मिनिटाला संपते आणि सहा जणांचे मिळून थांबणे वीस मिनिटे होते. आता तेच वेळ ५, १०, ५, १५, १५, १० या क्रमाने आले असे धरा. पहिला रुग्ण पाच मिनिटांत गेला, दुसऱ्याची वेळ दहाव्या मिनिटाची, म्हणून आपण पाच मिनिटे रिकामे बसलात. तिसऱ्यानंतर पुन्हा पाच मिनिटे. शेवटी काम सत्तराव्या मिनिटाला संपले आणि शेवटचा रुग्ण दहा मिनिटे थांबला. रुग्ण तेवढेच, एकूण काम तेवढेच साठ मिनिटांचे, फक्त क्रम बदलला. सुरुवातीला वाया गेलेली दहा मिनिटे नंतरच्या घाईच्या वेळी परत मिळत नाहीत.

नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९५२ साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी नेमका हाच प्रश्न सोडवला, तोही संगणकाशिवाय, यादृच्छिक, म्हणजे फाशासारख्या कोणताही क्रम नसलेल्या, आकड्यांच्या साहाय्याने हाताने सिम्युलेशन करून. त्यांचा तोडगा असा : सत्र सुरू होताना दोन रुग्णांना एकाच वेळी बोलवावे आणि नंतर सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला. वरच्या दुसऱ्या क्रमाला हा नियम लावून पाहा. आपण क्षणभरही रिकामे राहत नाही, काम साठाव्या मिनिटाला संपते, आणि रुग्णांचे एकूण थांबणे पंधरा मिनिटांवरून पंचवीस मिनिटांवर जाते. म्हणजे प्रत्येक रुग्णाला सरासरी दीड-दोन मिनिटे अधिक थांबावे लागले आणि आपली दहा मिनिटे वाचली. हा व्यवहार मान्य करायचा की नाही, हे गणित सांगत नाही. ते आपण ठरवायचे. माझ्या मते दोनपर्यंत ठीक आहे, पण काही ठिकाणी सुरुवातीलाच पाच-सहा जणांना एकच वेळ देतात, ते रुग्णांवर अन्यायाचे आहे.

आणखी एक सुचवतो. ज्यांचा वेळ साधारण ठाऊक असतो असे जुने रुग्ण सत्राच्या आरंभी ठेवावेत आणि नवे रुग्ण उत्तरार्धात. कारण आरंभी झालेला उशीर मागच्या सगळ्यांवर पडतो. अचानक येणाऱ्यांसाठी मधली एखादी वेळ मोकळी ठेवावी. ती मोकळी गेली तरी चालेल.

प्रश्न : आमच्या धर्मादाय रुग्णालयात पन्नास खाटा आहेत. विश्वस्तांच्या सभेत दरवेळी विचारणा होते की वीस टक्के खाटा रिकाम्या का? ९५ टक्के भरलेल्या असल्या पाहिजेत, असा आग्रह आहे. याउलट सिस्टर सांगतात की रुग्ण परत पाठवावे लागतात. दोघांचेही खरे कसे? — एक प्रशासकीय अधिकारी, जळगाव

उत्तर : दोघांचेही खरे आहे, पण विश्वस्तांचा आग्रह धोक्याचा आहे, हे आपण त्यांना स्पष्ट सांगावे. ब्रिटनमध्ये बॅगस्ट, प्लेस आणि पॉस्नेट या तिघांनी तातडीच्या रुग्णांच्या भरतीचे सिम्युलेशन करून १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. खाटांचा सरासरी वापर ८५ टक्क्यांच्या वर गेला की धोका जाणवू लागतो, आणि ९० टक्के व त्यावर गेला की खाटांचा तुटवडा नित्याचा होतो, असे त्यांना आढळले. सरासरी ९५ टक्के ठेवायची म्हणजे कित्येक दिवशी शंभर टक्क्यांच्या पलीकडची गरज निर्माण होणार, आणि त्या दिवशी दाराशी आलेला रुग्ण परत जाणार.

मात्र ८५ हा आकडा सर्वांना सारखा लावणेही चुकीचे आहे, आणि आपल्या प्रश्नाचे खरे मर्म मला येथे दिसते. आपल्या पन्नास खाटा दहा-दहाच्या पाच वॉर्डांत वाटलेल्या आहेत आणि प्रत्येक वॉर्ड फक्त आपल्याच विभागाचा रुग्ण घेतो, असे समजू. प्रत्येक वॉर्डाकडे सरासरी आठ खाटांइतकी मागणी येते. खाट नसेल तर रुग्ण दुसरीकडे जातो असे धरून एर्लांग यांचे १९१७ चे सूत्र लावले, तर शंभरातील सुमारे बारा रुग्ण परत जातात. आता त्याच पन्नास खाटा एकत्र धरा आणि चाळीस खाटांइतकी तीच एकूण मागणी त्यांवर येऊ द्या. परत जाणारे रुग्ण शंभरात दोनांहूनही कमी होतात. शिवाय पहिल्या व्यवस्थेत खाटांचा वापर सुमारे ७० टक्के असतो, तर दुसऱ्या व्यवस्थेत तो ७८ टक्क्यांपर्यंत जातो. एकही खाट न वाढवता रुग्ण कमी परत गेले आणि खाटाही अधिक भरल्या. एका वॉर्डात गर्दी असते तेव्हा दुसऱ्यात बहुधा जागा असते, याचा हा परिणाम आहे. विश्वस्त आणि सिस्टर या दोघांचेही समाधान करणारा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

सगळ्या खाटा एकत्र करता येणार नाहीत, हे उघड आहे. प्रसूतीचा वॉर्ड, संसर्गजन्य आजारांचा कक्ष, अतिदक्षता विभाग, स्त्रिया आणि पुरुष यांचे वेगळे वॉर्ड हे भाग राहतीलच. परंतु पाचाऐवजी तीन गट केले, किंवा सहा-सात खाटा ‘कोणत्याही विभागासाठी’ म्हणून राखल्या, तरी फरक पडतो. तशा खाटांवरच्या सिस्टरना एकाहून अधिक विभागांच्या कामाचे प्रशिक्षण द्यावे लागेल. तो खर्च विश्वस्तांनी आनंदाने करावा.

याशिवाय दोन गोष्टी तपासाव्यात. खाटांची मोजणी बहुधा मध्यरात्री होते. गर्दी मात्र दुपारी बाराच्या सुमारास असते, जेव्हा सकाळी डिस्चार्ज सांगितलेला रुग्ण बिल आणि कागदपत्रे यांची वाट पाहत खाटेवरच असतो आणि नवा रुग्ण आलेला असतो. मध्यरात्रीचे ८० टक्के हे दुपारचे १०० टक्के असू शकतात. दुसरी गोष्ट ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांची. बॉस्टनचे यूजीन लिटवाक यांनी दाखवून दिले की तातडीच्या भरतीपेक्षा ठरवून केलेल्या भरतीतच दिवसागणिक अधिक चढ-उतार आढळू शकतात. अपघात आपल्या हाती नाहीत. शस्त्रक्रियांचे वार मात्र सर्वस्वी आपणच ठरवतो. सर्जन सोमवार-मंगळवारलाच साऱ्या शस्त्रक्रिया घेत असतील, तर त्या आठवडाभर पसरण्याची विनंती करून पाहावी. ही विनंती कोणी करायची हा प्रश्न गणितापेक्षा कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : आमच्या डोंगराळ तालुक्यात १०८ ची गाडी तालुक्याच्या गावी उभी असते. पाड्यावर यायला फार वेळ लागतो. गाडी कोठे उभी करायची हे कोण आणि कसे ठरवते? — एक आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

उत्तर : महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. एवढा मोठा प्रदेश आणि मोजकी वाहने असली की गाडी कोठे उभी करावी हा प्रश्न ऑपरेशन्स रिसर्चचा होतो, आणि त्यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ काम झाले आहे. रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी १९७४ साली तो असा मांडला : ठरावीक संख्येची वाहने असताना ती कोठे ठेवली म्हणजे ठरावीक वेळेच्या आत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचता येईल? पुढे १९८३ साली मार्क डॅस्किन यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली : जवळची गाडी आधीच दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असू शकते. गाडी ३० टक्के वेळ कामात असेल, तर एकाच गाडीच्या टप्प्यातील गावाला दर दहापैकी तीन वेळा ती मिळणार नाही. दुसरी गाडीही टप्प्यात असेल, तर दोन्ही एकदम नसण्याची शक्यता ९ टक्क्यांवर येते.

आता आपल्या पाड्याचा विचार करू. ‘जास्तीत जास्त लोक’ हेच उद्दिष्ट ठेवले, तर गणित प्रत्येक वेळी गाडी महामार्गाजवळ आणि मोठ्या गावात उभी करील, कारण लोकसंख्या तेथे आहे. विखुरलेल्या पाड्यांचा क्रम शेवटी लागेल. यात गणिताचा दोष नाही, त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्याही वस्तीला अमुक वेळेपेक्षा अधिक लागता कामा नये’ अशी अट आधी घालून मग उरलेल्या वाहनांनी जास्तीत जास्त लोक गाठावेत, असाही प्रश्न मांडता येतो, आणि आदिवासी भागासाठी तोच मांडला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आपण एक मोलाचे काम करू शकता. फोन केव्हा लावला, गाडी केव्हा निघाली, रस्त्यापर्यंत केव्हा आली, रुग्णाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणायला किती वेळ लागला आणि रुग्णालयात केव्हा पोहोचलो, या पाच वेळा वहीत टिपून ठेवाव्यात. पावसाळ्यातील वेगळ्या आणि उन्हाळ्यातील वेगळ्या. नकाशावरचे अंतर आणि जुलैतील रस्ता यांतला फरक मुंबई-पुण्यातल्या संगणकाला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागणी नेताना ही वही सोबत असावी.

प्रश्न : हे सगळे कारखान्याचे तंत्र आहे. रुग्ण म्हणजे पट्ट्यावरून सरकणारा माल नव्हे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपला आक्षेप मी गांभीर्याने घेतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण पाहावे. सरकारी सेवेतून निवृत्त झालेले डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ते १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केले. तेथे सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबले असतात. एकावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरील रुग्णाची तयारी प्रशिक्षित परिचारिका करतात, आणि पहिली संपताच सर्जन दुसरीकडे वळतात. हे तंत्र कारखान्याचेच आहे. त्यामुळे सर्जनचा वाया जाणारा वेळ वाचला, शस्त्रक्रियेचा खर्च उतरला, आणि पैसे देऊ न शकणाऱ्या फार मोठ्या संख्येच्या रुग्णांना दृष्टी मिळाली. रुग्णाशी बोलण्याचा वेळ कापून गती वाढवली असेल, तर आपला आक्षेप पूर्णपणे योग्य ठरतो. रुग्णांना बाकड्यावर तासन् तास बसवून ठेवण्यात मला कोणतीही माणुसकी दिसत नाही.

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. गावातील ग्रामीण रुग्णालयाचे सिम्युलेशन प्रकल्पासाठी करायचे आहे. सूत्रे असताना सिम्युलेशनची गरज काय आणि सुरुवात कोठून करू? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : एका रांगेला सूत्र पुरते. केसपेपर, डॉक्टर, रक्ततपासणी, पुन्हा डॉक्टर, मग औषधांची खिडकी अशी साखळी असली, दुपारी डॉक्टरांना प्रसूतीसाठी उठावे लागत असले, आणि सोमवारची किंवा बाजारच्या दिवसाची गर्दी वेगळी असली, की सूत्रे अपुरी पडतात. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी १९६५ सालीच रुग्णालयाच्या कामकाजाची सिम्युलेशन प्रसिद्ध केली होती. त्या काळी त्यासाठी मोठा संगणक लागे. आज पायथॉन या संगणकभाषेतील सिमपाय किंवा ‘आर’ या संगणकभाषेतील सिमर ही साधने विनामूल्य आहेत.

परंतु प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी निदान दोन आठवडे रुग्णालयात उभ्या राहा. अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, रुग्णांची नावे टिपू नका, केवळ क्रमांक आणि वेळा टिपा : आगमन, प्रत्येक टप्प्याची सुरुवात, प्रत्येक टप्प्याचा शेवट. किती जण कंटाळून न तपासताच परत गेले, हेही मोजा. ही नोंद बहुतेक प्रकल्पांत सुटते. कोलंबिया विद्यापीठाच्या लिंडा ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एका आपत्कालीन विभागाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा यशाचे माप म्हणून त्यांनी नेमका हाच आकडा धरला होता. आठवड्यातील ज्या दिवसांत डॉक्टरांचे एकूण तास वाढवलेच नव्हते, केवळ ते गर्दीच्या वेळांनुसार सरकवले होते, त्या दिवसांतही न तपासता जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटले.

प्रतिरूप, म्हणजे रुग्णालयाची संगणकावरची नक्कल, तयार झाले की प्रथम त्यात कोणताही बदल न करता चालू व्यवस्थाच चालवून पाहा आणि आलेला थांबण्याचा वेळ आपल्या नोंदींशी ताडून पाहा. तो जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. जुळल्यावर प्रत्येक पर्याय वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांनी शेकडो वेळा चालवा आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट दिवसही दाखवा. निष्कर्ष मार्गदर्शकांना दाखवण्याआधी केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला दाखवा. ‘मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद असते’ यासारखी आपल्या प्रतिरूपातून निसटलेली गोष्ट तेच सांगतील.